भाकीत आणि पाठीराखा

पावसाळा सुरू होऊन मैदानावर चिखल झाला, कीं आपल्या शाळेंत फुटबॉलला रंग चढतो, आणि संध्याकाळीं मुलांना घरची आठवण करून द्यावी लागते. त्याच सुमारास इंग्लंडांत या खेळाच्या नव्या हंगामाची तयारी चाललेली असते, व तेथील वर्तमानपत्रांत एक ठराविक प्रकार दरवर्षीं पाहावयास मिळतो. पहिला सामना होण्यापूर्वींच खेळांतील जाणते लोक वीस संघांची एक यादी प्रसिद्ध करतात. अमुक संघ पहिला येईल, अमुक दहावा येईल, आणि अमुक तीन संघ तळाशीं राहून खालच्या वर्गांत जातील, असें तींत लिहिलेलें असतें. ज्यांचा संघ यादींत वर असतो ते पाठीराखे ती चार मित्रांना वाचून दाखवितात. ज्यांचा संघ तळाशीं असतो, त्यांचा तो दिवस वाईट जातो.

अशा वेळीं पाठीराख्यानें काय करावें? रागवावें, खचून जावें, कीं हंसून सोडून द्यावें? प्रश्न वरवर खेळाचा दिसतो. परंतु विचार केला असतां तो आपल्या शाळेचा, आपल्या घराचा व आपल्या स्वभावाचाही आहे, असें आढळून येईल. म्हणून आज त्याचा थोडा अभ्यास करूं.

१. यादी कशी तयार होते

इंग्लंडांतील फुटबॉलच्या सर्वांत वरच्या वर्गास प्रीमियर लीग असें नांव आहे. तींत वीस संघ असतात. प्रत्येक संघ इतर एकोणीस संघांशीं दोन दोन सामने खेळतो. एक आपल्या मैदानावर व एक परक्या मैदानावर. एकंदर सामने ३८ होतात. विजयास ३ गुण, बरोबरीस १ गुण, आणि हार झाल्यास कांहीं नाहीं. मे महिन्यांत हंगाम संपला म्हणजे तळाचे तीन संघ खालच्या वर्गांत उतरतात, व खालचे तीन वर चढतात. खालीं उतरणें ही नुसती मानहानि नव्हे. संघाचें उत्पन्न घटतें, चांगले खेळाडू दुसरीकडे जातात, आणि पुन्हां वर येण्यास कधीं कधीं पुष्कळ वर्षें लागतात. म्हणून तळाचें भाकीत पाठीराख्यांच्या मनास लागतें.

हें भाकीत कशाच्या आधारें करतात? मागील हंगामांतील गुण, खेळाडूंस मिळणारें वेतन, नवीन विकत घेतलेले खेळाडू, व्यवस्थापकाचा पूर्वींचा अनुभव, या गोष्टींच्या आधारें. ह्या सर्व गोष्टी कालच्या आहेत. कालच्या मापानें उद्यांचा सदरा बेतणें, हेंच भाकीत होय. शिंपी हुशार असला तर तो सदरा बहुधा अंगास बसतो. मात्र मूल मध्यंतरीं वाढलें, तर बसत नाहीं. यांत शिंप्याचा दोष नाहीं, आणि मुलाचा तर नाहींच नाहीं.

२. लेस्टरची गोष्ट

इंग्लंडच्या मध्यभागीं लेस्टर नांवाचें शहर आहे. मराठी ख्रिस्ती वाचकांस तें अगदींच परकें नव्हे. श्रीरामपूर येथून मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं, शब्दकोश १८१० सालीं व नवा करार १८११ सालीं ज्यांनीं प्रसिद्ध केला, ते विल्यम केरी १७८९ पासून १७९३ पर्यंत याच शहरांत हार्वे लेन येथील बाप्तिस्त मंडळीचे पाळक होते, व तेथूनच ते आपल्या देशांत आले. पुढें १९७२ सालीं युगांडांतून घालवून दिलेलीं पुष्कळ भारतीय कुटुंबेंही या शहरांत येऊन स्थायिक झालीं.

येथील फुटबॉल संघ १८८४ सालीं एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनीं स्थापन केला. पुढील १३१ वर्षांत वरच्या वर्गाचें विजेतेपद त्यास एकदांही मिळालें नाहीं. १९२८-२९ च्या हंगामांत तो दुसरा आला, हीच त्याची सर्वांत मोठी मजल. २००८ सालीं तर तो तिसऱ्या वर्गांत जाऊन पडला. तेथून धडपडत २०१४ सालीं तो पुन्हां प्रीमियर लीगमध्यें आला. परंतु २०१४ च्या नाताळांत तो वीस संघांत विसावा होता. २९ सामने झाले तेव्हां त्याचे गुण अवघे १९ होते, आणि आतां हा संघ बुडाला, असें जवळजवळ सर्वांनीं गृहीत धरलें होतें. उरलेल्या ९ सामन्यांपैकीं त्यानें ७ जिंकले, १ बरोबरींत सोडविला व १ गमावला; म्हणजे २२ गुण मिळविले, आणि ४१ गुणांनिशीं चौदावें स्थान गांठून तो वांचला.

इतकें होऊनही २०१५ च्या उन्हाळ्यांत पाठीराख्यांना स्वस्थता लाभली नाहीं. ज्या व्यवस्थापकाच्या हाताखालीं संघ वांचला होता, त्यास काढून टाकण्यांत आलें, आणि क्लॉडिओ रानिएरी या इटालियन गृहस्थांची नेमणूक झाली. ते वयोवृद्ध व अनुभवी होते खरे. पण थोड्याच महिन्यांपूर्वीं ग्रीस देशाचा संघ त्यांच्या हाताखालीं असतां, फॅरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून घरच्या मैदानावर हरला होता, व त्यांची ती नोकरी गेली होती. लेस्टर येथें जन्मलेले, त्याच संघांतून पुढें आलेले व इंग्लंडचे कप्तान झालेले गॅरी लिनेकर यांनींही या नेमणुकीबद्दल जाहीरपणें आश्चर्य व्यक्त केलें. घरचाच माणूस असें बोलूं लागला, मग परक्यांचें काय सांगावें? पुष्कळ जाणत्यांनीं आपल्या यादींत लेस्टरचें नांव तळच्या तिघांत घातलें.

त्या देशांत खेळांवर पैजा घेणाऱ्या पेढ्या आहेत. पैज लावणें हें आम्ही सर्वथा वाईट समजतों, व कोणाही विद्यार्थ्यानें त्या वाटेस जाऊं नये. तथापि अंकगणितापुरता तेथील भाव पाहण्यास हरकत नाहीं. लेस्टर विजेता होईल, यावर कित्येक पेढ्यांचा भाव एकास पांच हजार असा होता. म्हणजे अशी गोष्ट ५००१ हंगामांत एकदां घडावी, असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. आतां असें पाहा, कीं इंग्लंडांत लीग पद्धतीचे सामने १८८८ सालीं सुरू झाले. अवघ्या सवाशें वर्षांच्या अनुभवावरून ५००० वर्षांचा हिशेब कोणास सांगतां येईल? तो आंकडा गणिताचा नव्हताच. "हें होणार नाहीं," एवढेंच म्हणण्याची ती एक रीत होती. पुष्कळदां आंकड्याच्या वेषांत नुसतें मत फिरत असतें, आणि आंकडा पाहतांच आपण मान डोलावतों.

पुढें काय झालें तें प्रसिद्धच आहे. रानिएरी यांनीं मोठीं वचनें दिलीं नाहींत. आम्हांस ४० गुण हवेत, म्हणजे आम्ही वर्गांत टिकूं, असेंच ते सांगत राहिले. २०१५ च्या नाताळांत तोच संघ, जो वर्षापूर्वीं विसावा होता, पहिला होता. जेमी वार्डी, जो पूर्वीं कारखान्यांत काम करून लहानसान संघांतून खेळत असे, त्यानें लागोपाठ ११ सामन्यांत गोल करून नवा विक्रम केला. २ मे २०१६ रोजीं दुसऱ्या क्रमांकाचा टॉटनहॅम संघ चेल्सीशीं २-२ अशी बरोबरी करून मागें पडला, आणि लेस्टर विजेता ठरला. ३८ सामन्यांत २३ विजय, १२ बरोबऱ्या व ३ पराभव. एकंदर गुण ८१. दुसऱ्या आलेल्या आर्सेनलपेक्षां १० अधिक.

३. दुसरी बाजू

येथें कोणी म्हणेल, कीं झालें तर मग! भाकितें खोटीं असतात; त्यांकडे लक्षच देऊं नये. हा निष्कर्ष उतावळेपणाचा होय. एका गोष्टीवरून नियम काढूं नये, हें तुम्ही शास्त्राच्या तासाला शिकलां आहां.

लेस्टरपासून जवळच डार्बी नांवाचें शहर आहे. तेथील संघ १९७२ व १९७५ सालीं विजेता झालेला. २००७ सालीं तो पुन्हां वरच्या वर्गांत आला तेव्हां तो टिकणार नाहीं, असें भाकीत झालें. आणि हंगामाच्या दुसऱ्याच महिन्यांत, सप्टेंबरांत, एका पेढीनें 'डार्बी खालीं जाणार' या पैजेचे पैसे चुकते करून टाकले. एवढी त्यांची खात्री! आणि ती खरी ठरली. ३८ सामन्यांत डार्बीस एकच विजय मिळाला; ८ बरोबऱ्या, २९ पराभव, एकंदर गुण ११. प्रीमियर लीगमध्यें याहून कमी गुण २०२४-२५ चा हंगाम संपेपर्यंत तरी कोणास पडले नव्हते. मार्च महिन्यांतच त्याचें खालीं जाणें निश्चित झालें.

तसेंच, २०२३-२४ च्या हंगामांत खालून वर आलेले तिन्ही संघ पुन्हां खालीं गेले, आणि २०२४-२५ मध्येंही नेमकें तेंच घडलें. नवा आलेला संघ टिकणार नाहीं, असें म्हणणारे त्या दोन्ही वर्षीं बरोबर ठरले. त्या दुसऱ्या वेळच्या तिघांत एक स्वतः लेस्टर होता. तोच संघ २०२१ सालीं इंग्लंडचा मानाचा एफ. ए. चषक जिंकला होता, आणि २०२३ सालीं अठरावा येऊन खालीं गेला होता. स्वतः रानिएरी यांनाही विजयानंतर दहा महिन्यांच्या आंतच, फेब्रुवारी २०१७ मध्यें, निरोप देण्यांत आला.

यावरून काय दिसतें? भाकीत पुष्कळदां खरें होतें, कधीं कधीं खोटें होतें, आणि कोणत्या वेळीं कोणतें होणार, हें आधीं कळत नाहीं. म्हणून भाकीत खरें ठरलें कीं खोटें, यावर पाठीराख्याची किंमत ठरवितां येत नाहीं. ती दुसऱ्या कशावरून तरी ठरविली पाहिजे. डार्बीच्या त्या दुर्दैवी वर्षीं, पराभवामागून पराभव होत असतां, त्यांच्या घरच्या सामन्यांस सरासरीनें तीस हजारांवर लोक येत राहिले. विजयाची आशा सरली होती. तरी ते येत होते. लेस्टरचे पाठीराखे तिसऱ्या वर्गापर्यंत आपल्या संघाबरोबर गेले होते. २०१६ सालीं ज्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले, त्यांपैकीं कित्येकांनीं २००८ सालींही डोळे पुसले होते. माझ्या मतें या दोन शहरांतील त्या पाठीराख्यांची योग्यता एकच आहे.

४. भाकीत ऐकणाऱ्यांचे चार प्रकार

वाईट भाकीत कानीं आलें असतां माणसें चार प्रकारें वागतात, असें दिसतें.

पहिला रागावतो. भाकीत करणारा आपल्या संघाचा शत्रु आहे, अशी त्याची समजूत होते. तो लिहिणाऱ्यास नांवें ठेवतो. परंतु लिहिलेल्यांत तथ्य आहे कीं काय, हें पाहत नाहीं. आरसा फोडल्यानें तोंडावरचा डाग जात नाहीं.

दुसरा फुगतो. भाकितें नेहमींच चुकतात, असें म्हणून तो निर्धास्त राहतो. लेस्टरची गोष्ट अशा माणसाच्या हातीं पडली, तर ती त्याचें नुकसानच करील. कारण त्या संघानें मेहनत किती केली, हें न पाहतां तो फक्त नवल पाहतो.

तिसरा खचतो. आधींच दुःख करून घेतलें, म्हणजे मागून कमी होईल, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. कारण आधींचें दुःख मागच्या दुःखांत मिळविलें जातें, त्यांतून वजा होत नाहीं. आणि याहून वाईट गोष्ट अशी, कीं हळूहळू त्यास आपल्याच संघाचा पराभव गोड वाटूं लागतो, कारण पराभव झाला म्हणजे "मी म्हणालों नव्हतों का?" असें म्हणावयास सांपडतें. पवित्र शास्त्रांत योना संदेष्ट्याची हीच अवस्था झाली. चाळीस दिवसांत निनवे शहराचा नाश होईल, असें त्यानें सांगितलें. राजापासून रंकापर्यंत सर्वांनीं पश्चात्ताप केला, आणि शहर वांचलें. एवढ्या मोठ्या शहराचे प्राण वांचले, तर संदेष्ट्यानें आनंद करावा. पण योना रुसून शहराबाहेर जाऊन बसला! आपलें भाकीत खोटें पडलें, याचें त्यास वाईट वाटलें.

चौथा शांतपणें ऐकून घेतो. यांत खरें किती, असें तो स्वतःस विचारतो. जें खरें असेल तें मान्य करतो, आणि सामन्याच्या दिवशीं आपल्या जागेवर हजर राहतो. निनवेच्या लोकांनीं हेंच केलें. तें ऐकून ते योनावर धांवले नाहींत, हातपाय गाळूनही बसले नाहींत. ते आपल्या वागणुकीकडे वळले. इशारा देणें याचा हेतु तो खरा ठरावा हा नसतो. तो खोटा पडावा, हाच असतो.

५. माझी स्वतःची गोष्ट

या चार प्रकारांत मी स्वतः कोठें बसतों, हें न सांगतां हा लेख पुरा केला, तर तो प्रामाणिक होणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मी एका दुसऱ्या शाळेंत शिकवीत होतों. आंतरशालेय सामन्यांचे दिवस होते. आमचा संघ त्या वर्षीं दुबळा होता. उंच मुलें शाळा सोडून गेलीं होतीं, आणि गोल राखणारा मुलगा नवखा होता. शिक्षकांच्या खोलींत गोष्टी निघाल्या असतां मी म्हणालों, "हे पहिल्याच सामन्यांत परत येतील. त्यांच्या भाड्याचा खर्च फुकट जाणार." त्या वेळीं तोच गोलरक्षक हजेरीपटांचा गठ्ठा घेऊन दारांत उभा होता. त्यानें गठ्ठा टेबलावर ठेवला, व नमस्कार करून तो निघून गेला.

सामना शनिवारीं दुपारीं होता. मला पेपर तपासावयाचे होते, शिवाय निकाल ठाऊकच आहे असें वाटत होतें; मी गेलों नाहीं. आमची मुलें ३-१ अशीं हरलीं. सोमवारीं तो मुलगा व्हरांड्यांत भेटला. मीं विचारलें, "काय रे, कसा झाला सामना?" तो खालीं पाहत म्हणाला, "सर, तुम्ही म्हणालांत तसेंच झालें." मग क्षणभर थांबून म्हणाला, "मध्यंतरापर्यंत १-१ होते, सर. तुम्ही आला नव्हतांत."

त्याच्या बोलण्यांत रोष नव्हता, तक्रार नव्हती. मला एक गोष्ट ठाऊक नव्हती, ती त्यानें सांगितली, इतकेंच. माझें भाकीत तंतोतंत खरें ठरलें होतें. आणि आजवर कोणतीही चुकलेली गोष्ट मला इतकी लागली नाहीं, जितकी ही बरोबर आलेली लागली. मध्यंतरापर्यंत ती मुलें मोठ्या संघाशीं बरोबरीनें झुंजत होतीं, आणि तें पाहावयास त्यांचा शिक्षक तेथें नव्हता. मी असतों तर सामना जिंकलाच असता, असें मी म्हणत नाहीं. बहुधा हरलाच असता. पण मुलांनीं वर पाहिलें असतें, तेव्हां त्यांना एक ओळखीचा चेहरा दिसला असता.

त्या दिवसापासून मीं एक नियम केला आहे. ज्या मुलाविषयीं मी वाईट भाकीत करीन, त्याच्या सामन्यास मीं गेलेंच पाहिजे. आणि जावयाचें नसेल, तर भाकीतही करूं नये.

६. पालकांस विनंती

आईबापांनो, आपल्या घरींही दर जूनमध्यें अशी यादी तयार होते. "याच्यानें गणित होणार नाहीं," "ही मुलगी मॅट्रिक होईल असें दिसत नाहीं," असें आपण जेवतांना सहज बोलून जातों. शिक्षकही प्रगतिपुस्तकांत तेंच निराळ्या शब्दांत लिहितात. कदाचित् तें खरेंही असेल. खोटी स्तुति करा, असें माझें सांगणें नाहीं. खोटी स्तुति फुगणाऱ्या पाठीराख्यासारखीच घातक आहे. परंतु तें बोलल्यानंतर आपण त्या मुलाजवळ दिव्यापाशीं बसणार आहोंत, कीं योनासारखे दूर जाऊन काय होतें तें पाहत राहणार आहोंत, याचा विचार करावा. जवळ बसणाराचें कठोर बोलणें इशारा होतो. दूर बसणाराचें तेंच बोलणें नुसता निकाल होतो.

वर ज्या केरी साहेबांचा उल्लेख आला, ते १७९३ सालीं बंगाल्यांत उतरले, आणि त्यांच्या कार्यांतील पहिल्या देशी मनुष्याचा बाप्तिस्मा झाला १८०० सालच्या डिसेंबरांत. मधल्या सात वर्षांच्या कोणत्याही यादींत त्यांचें नांव तळाशींच असतें. पुढें १८१२ सालीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली, आणि अनेक वर्षांच्या परिश्रमाचीं हस्तलिखितें जळून गेलीं. केरी व त्यांचे सोबती पुन्हां कामास बसले. लेस्टर सोडतांना त्यांना यश दिसत होतें, म्हणून ते निघाले नव्हते. आणि अपयश दिसलें, म्हणून ते परतलेही नाहींत.

विद्यार्थीमित्रहो, या वर्षीं आपल्या संघाविषयीं, आपल्या वर्गाविषयीं, किंवा तुम्हां स्वतःविषयीं कोणी कांहीं भाकीत केलें, तर तें नीट ऐका, त्यांतलें खरें तेवढें घ्या, आणि शनिवारीं मैदानावर या. मीही येणार आहें.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. २९ सामन्यांत १९ गुण मिळविणाऱ्या संघाची दर सामन्यास सरासरी काढा. शेवटच्या ९ सामन्यांतील २२ गुणांची सरासरी काढून दोहोंची तुलना करा.

२. २०१५-१६ मध्यें लेस्टरचे २३ विजय, १२ बरोबऱ्या व ३ पराभव झाले. गुणांची बेरीज करून ताळा पाहा. डार्बीच्या ११ गुणांचाही असाच ताळा पाहा.

३. इशारा आणि निकाल यांत भेद कोणता? आपल्या अनुभवांतील एकेक उदाहरण द्या.

४. पालक व पाल्य यांनीं मिळून उत्तर द्यावें: मागील जूनमध्यें आपल्या घरीं कोणतें भाकीत झालें होतें? त्यानंतर त्या मुलाजवळ कोण बसलें?